अजिबात दुखणार नाही

"तुझ्या नवऱ्याला सांग, मागच्या खेपेचं त्याचं विधान असत्य होतं," सासरे गालावर हात धरून मुलीला म्हणाले.

नवरा हातभर अंतरावर हातमोजे चढवत उभा होता. दवाखाना त्याचा, खुर्ची त्याची, सासरेही त्याचेच, बोलणं मात्र मुलीशी. वर्षापूर्वी त्यानं सासऱ्यांची एक दाढ भरली होती आणि भरण्याआधी, दातांचे सगळे डॉक्टर म्हणतात तसं म्हणाला होता, "अजिबात दुखणार नाही, बाबा." दुखलं. त्या दिवसापासून सासऱ्यांनी जावयाशी थेट बोलणं सोडलं. जेवताना मीठसुद्धा मुलीमार्फत मागायचे.

त्यांनी आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं होतं. वस्तुस्थितीशी जुळतं ते वाक्य खरं, उरलेलं सगळं खोटं. संपला विषय. असल्या माणसाला लोक लांबून नमस्कार करतात, त्याच्याबरोबर राहावं लागतं ते घरच्यांना. 'मी कशी दिसते?' हा प्रश्न सासूबाईंनी लग्नानंतर एकदाच विचारला होता.

आता त्यांची अक्कलदाढ सुजली होती आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचं व्याख्यान होतं. विषय, 'सत्य आणि भाषा'. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी बोलावलं होतं. दाढ आज निघाली नाही तर उद्या तोंड उघडणार नव्हतं.

"हे बघ," बायकोनं डॉक्टरला कोपऱ्यात घेतलं, "आज बाबांशी एक शब्द खोटा बोललास तर अबोला मी धरीन. आणि मी मीठही मागणार नाही."

डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं सासऱ्यांचा ओठ एका बाजूला लोंबला आणि त्या लोंबत्या ओठातून प्रश्न आला, "त्याला विचार, दुखेल का?"

"सूज फार आहे, बाबा," डॉक्टर म्हणाला. "इंजेक्शन पुरतं लागू पडणार नाही. दुखेल."

वस्तुस्थितीशी अक्षर न् अक्षर जुळणारं वाक्य. असं वाक्य ऐकायला सासरे एक वर्ष ताटकळले होते. ते ऐकलं आणि गळ्यातल्या निळ्या कागदी लाळेऱ्यासकट खुर्चीतून उतरून थेट बाहेर पळाले.

बाहेर पेशंट बसले होते. एक पोस्टमन, एक शिवणकाम करणाऱ्या बाई आणि एक धिप्पाड बेकरीवाला.

"काय झालं हो काका?" बेकरीवाल्यानं वाट अडवली.

दुसरा कुणी 'काही नाही' म्हणून सटकला असता. पण सासरे पडले सत्याचे पुजारी! "दुखणार आहे," ते लाळ गाळत म्हणाले. "डॉक्टरनं स्वतः सांगितलंय."

"स्वतः?" बाईंनी पर्स उचलली. "अगं आई गं! दुखणार नाही म्हणतात तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तारे चमकतात. आता दुखणार म्हणतायत म्हणजे जीवच घेणार की!"

डॉक्टर धावत बाहेर आला. "तसं नाहीये! तुम्हाला अजिबात दुखणार नाही."

"हं! हे नेहमीचं," पोस्टमन म्हणाला.

"बरं, थोडंसं दुखेल."

"थोडंसं!" बेकरीवाल्यानं दोन्ही हातांनी जबडा झाकला. "म्हणजे दोघांनी धरून ठेवावं लागणार."

"अहो, म्हणजे मी काय म्हणू तरी काय?"

पोस्टमन आणि बाई जिन्याकडे निघाले. एवढा भट्टीपुढे उभा राहणारा बेकरीवाला, तोही चपला हातात घेऊन जिना उतरला. डॉक्टर रिकाम्या बाकड्यांकडे बघत राहिला. बोलायला आता एकही वाक्य शिल्लक नव्हतं. खोटं कुणी खरं मानत नव्हतं आणि खरं तर त्याहून भयंकर वाटत होतं.

सासरे फार लांब गेले नव्हते. जिन्यात खालच्या पायरीवर बसले होते. मुलगी शेजारी बसली, डॉक्टर मागच्या पायरीवर थांबला. "बाबा, उद्या व्याख्यान आहे. चला ना."

"त्यानं..." सासरे थांबले. मग वर्षात पहिल्यांदा मान वळवून थेट जावयाकडे बघितलं. "जावईबापू, ते मागच्या खेपेचं वाक्य म्हणा बरं."

"पण बाबा, ते खोटं आहे."

"मला शिकवू नका! खोटं आहे हे मीच सांगितलंय सगळ्यांना. म्हणा."

डॉक्टरनं बायकोकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघायला लागली.

"अजिबात दुखणार नाही, बाबा," डॉक्टर म्हणाला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

सासरे उठले, आत गेले आणि खुर्चीत बसून आपणहून तोंड उघडलं. दाढ हट्टी निघाली. खुर्ची करकरली, पाय ताठ झाले, डोळ्यांतून धारा लागल्या. शेवटी ती वाटीत टणकन पडली.

"दुखलं का हो, बाबा?" मुलीनं विचारलं.

सासऱ्यांनी तोंडातला कापूस सावरला. "छे! कुठे?"

दुसऱ्या दिवशी व्याख्यान झालं. डॉक्टर पहिल्या रांगेत बसला होता आणि सत्याच्या व्याख्येच्या तिसऱ्या उपप्रकारापर्यंत त्यानं नेटानं टिकाव धरला. पुढचं त्याला बायकोच्या चिमट्यापासून आठवत होतं, तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

सासरे व्यासपीठावरून उतरले ते सरळ त्याच्याकडे आले. हातात हार, गालावर अजून सूज. जावयाच्या गालावर शेजारच्या खुर्चीच्या पाठीची जाळी उमटली होती. त्या जाळीकडे त्यांनी अंमळ निरखून पाहिलं. बायकोनं श्वास रोखला. आता येणार, विधान, वस्तुस्थिती आणि आणखी एक वर्षाचं मीठ.

सासऱ्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू, फार दुखलं नाही ना?"

"अजिबात नाही, बाबा," डॉक्टर म्हणाला.