भुजंगराव पंगतीस पुरले त्याची हकीकत

मोबाईलवर शोध: माणसाची मांडी शिजायला किती वेळ लागतो.
कानातली सोन्याची बाळी.
दावणीला शेळी रवंथ करून राहिलेली.
कळमनुरीच्या वाचनालयाचा निरोप: ताई, रविवारी तुमची कथा.

कुलस्वामी खंडेरायास मुजरा करून, मौजे हट्टा येथे जे रण पेटले ते जैसे घडले तैसे लिहितो.

शेळ्यामेंढ्यांचे धनी राजेश्री भुजंगराव, यांची सून मोहिनीबाई, यांनी एक भयंकर कथा रचिली. तींत सून सासऱ्यास कापून, रस्सा करून गावास जेवू घालते. अखेर मटण सरते आणि उपाशी पंगत सुनेकडे पाहू लागते. कथेतल्या सासऱ्याचे कानी बाळी, आणि गावांत तैसी बाळी भुजंगरावांचीच. मग बाईंचे खाविंद बजरंगराव यांनी कौतुकाने ती घरी वाचिली, आणि भुजंगरावांनी भरले ताट सारून फर्मान काढिले की, सुनेच्या हातचे अन्न बंद, आणि कथा कळमनुरीस वाचाल तर या घरचा उंबराही बंद.

बाईंस कथा जिवापाड, आणि घरही सुटेना. मग तहाची बोलणी लाविली: बाळी काढिते. नामंजूर. सासऱ्याचा मामा करिते. नामंजूर. मग अर्ज गुजारिला की, आदमखोरी ही नुसती उपमा, घरे माणसांस कैसी खातात हा मतलब. तेव्हा भुजंगराव बोलिले,

"कापलं त्याची तकलीफ न्हाई, पोरी. पण मटण सरलं, लोकं उपाशी उठली, हे काहून लिहिलं? आपल्या दारातून कोणी उपाशी गेलंय का आजवर?"

"व्हय की," सासूबाई यशोदाबाई म्हणाल्या. "अन् एवढा धिप्पाड माणूस."

"रस्सा तरी वाढवायचा व्हता," भुजंगराव म्हणाले.

बाई खोलींत शिरल्या, आपली लाडकी अखेर खोडिली, आणि नवी लिहिली की, मटण सर्वांस पुरले, लोक तृप्त होऊन उठले, हात धुतले, आणि जाताना सुनेस म्हणाले, उद्या परत येतो.

भुजंगरावांनी ती दोनदा वाचोन घेतली आणि सुनेकडे भाकरी मागितली.

रविवारी कळमनुरीची मोहीम फत्ते जाहली. नवी अखेर ऐकोन सभा गारठली, कोणी खोकेना, आणि पहिल्या रांगेत भुजंगराव फेटा बांधोन बसले होते, ते मागे वळोन लोकांस म्हणाले, "समद्यांला पुरलो." येणेप्रमाणे एक वाक्य देऊन बाईंनी कथा आणि घर दोन्ही राखिले, ही नोंद कायम केली असे.

लग्न जुळवताना भुजंगरावांनी विचारले होते, स्वयंपाक येतो का. मोहिनी न्हाई म्हणाली होती.