तिठ्यावरचं लिंबू

मंजुषाच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतच नव्हतं. पूर्वेला चुलतदिराचा गोठा आडवा, आणि चुलतदीर गोठ्याहून आडवा. म्हणून तिनं चार लिंबं, मूठभर सुक्या लाल मिरच्या, हळदीची वाटी आणि काळं ब्लाउजपीस टोपलीत टाकलं, कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर घेतली आणि सरळ गावाबाहेर निघाली.

बारा वाजेपर्यंत फोटो पाठवायचाच होता. वाशिमच्या प्रदर्शनात तिला बारा चौकटी मिळाल्या होत्या. अकरा भरल्या होत्या. बाराव्या चौकटीत स्थिरचित्र हवं होतं, म्हणजे मांडलेल्या वस्तूंचा फोटो. तो नाही आला तर अकराही भिंतीवरून उतरणार, असं संयोजकांनी फोनवर बजावलं होतं आणि वर "पासपोर्टवाल्या बाईंना जमेल ना?" असंही विचारलं होतं. अनसिंगला तिचं पासपोर्ट फोटोचं दुकान होतं, हे खरं. पण या लोकांचे स्वतःचे आधार कार्डावरचे चेहरे कसे असतात, हे कुणी विचारत नाही.

तिला शिकवलं होतं अमरसिंग आणि ललिताबाई या नवराबायकोनं. त्याआधी तिनं चार फोटोग्राफरांचे उंबरे झिजवले होते. काही विचारलं की ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर हात ठेवायचे, जसं काही बाईनं त्यांच्या ताटातली भाकर उचलली. या दोघांनी दार उघडलं, चहा दिला आणि होतं नव्हतं ते सगळं पुढ्यात ओतलं. अमरसिंगांनी तीस वर्षं जाहिरातींसाठी साबण, बिस्किटं आणि कुकरचे फोटो काढले होते. ललिताबाईंनी एसटीनं आणि रेल्वेनं अर्धा देश फिरून माणसांचे. ते म्हणायचे, "घरात रोज हाताखालून जाते तेच मांड." त्या म्हणायच्या, "अन् मानसाचा फोटो इचारल्याशिवाय काढशीन तं माह्याशी गाठ हाय." दोन वर्षं, दर रविवारी.

गावाबाहेर तीन वाटा मिळतात तिथं एक सपाट दगड आहे. सकाळचं ऊन त्यावर असं पडतं, जसं कुणी हातानं ठेवलंय. मंजुषानं काळं कापड अंथरलं, लिंबं मांडली, एक कापलं, मिरच्या टाकल्या, हळद जराशी सांडली. मागे वाळकं गवत वाऱ्यानं डुलत होतं. अमरसिंगांनी दिलेली काळी काच कॅमेऱ्यापुढे लावली की चार सेकंदांचा फोटो घेता येत होता. तेवढ्यात गवत धूसर होणार आणि वस्तू मात्र खिळल्यासारख्या राहणार. फोटोच्या दृष्टीनं एकही चूक नव्हती. दुसऱ्या कुठल्या दृष्टीनं तिनं विचारच केला नव्हता.

गावातल्या भागवतची प्रवासी जीप करकचून थांबली.

"कोनं ठेवलं हे?"

"म्या ठेवलं," मंजुषा तिपाईमागून म्हणाली. "पाच मिनिटं थांब ना भाऊ."

जीपमधली अकरा माणसं एकदम मागे सरकली. तेव्हा कुठं मंजुषानं आपली मांडणी गावाच्या डोळ्यांनी पाहिली. तिठा. काळं कापड. कापलेलं लिंबू. लाल मिरच्या. मुरलेल्या मांत्रिकालाही उतारा इतका देखणा जमला नसता.

"कोनावर केलं?" भागवतनं विचारलं.

"कोनावर नाही रे बाबा! फोटोसाठी हाय."

"कोनाचा फोटो?" जीपमधून बेबीबाई किंचाळली. "माह्या सुनेचा तं नाही ना?"

"उचलते मी हे. जा तुमी."

"हात नको लावू! उचलनाऱ्याले लागते!"

मागे सोयाबीनचा ट्रॅक्टर थांबला. त्याच्यामागे दूधवाला, मोटारसायकली, वावरात निघालेल्या बाया. पाऊण तासात पन्नास माणसं जमली. ओलांडायला एक तयार नाही आणि परत फिरायलाही एक तयार नाही, कारण पुढचं पाहायचं राहून गेलं असतं. गावातले जाणते मारोतराव काठी टेकत पुढे आले. त्यांची म्हैस परवापासून पान्हवत नव्हती.

"मंजुषे, माह्या म्हशीनं तुह्यं काय बिघडवलं व?"

"काका, तुमची म्हैस म्या पाह्यली बी नाही!"

"न पाहताच एवढं? पाह्यली असती तं काय झालं असतं?"

दहा वाजून गेले. ऊन चढत होतं. मंजुषानं रडवेल्या आवाजात अमरसिंगांना फोन केला आणि अर्ध्या तासात स्कूटरवरून दोघं आले.

अमरसिंगांनी गर्दीकडे पाहिलंच नाही. ते दगडापुढे उकिडवे बसले आणि त्यांनी एक डोळा मिटला.

"मिरच्या दोन जास्त झाल्या."

"सर, लोक मले मारून राह्यले इथं!"

"ते समजलं. पर मिरच्या जास्त झाल्या." दोन मिरच्या उचलून त्यांनी खिशात टाकल्या. गर्दीतून "अरे देवा!" असा आवाज आला.

"अवो," ललिताबाई म्हणाल्या, "यायले हा उतारा वाटून राह्यला. हात लावनारा मरते म्हंतात."

"असं?" अमरसिंगांनी कापलेलं लिंबू घेतलं, पाण्याच्या बाटलीत पिळलं, खळाळून हलवलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं. "साखर पाह्यजे होती," ते म्हणाले.

आता हा माणूस पडणार! पन्नास जणांनी श्वास धरला. भागवतचा हात गिअरवर तसाच. बेबीबाईचा पदर तोंडात तसाच. मारोतरावांचं बोट हवेत होतं, ते हवेतच. कुणाची पापणी लवेना.

ललिताबाई मंजुषाच्या कानाशी आल्या. "पाहून काय राह्यली व? अशी मानसं जन्मात भेटत नाहीत. इचार अन् काढ."

"काका, तुमा सगळ्यायचा फोटो काढू का?"

"काढ," मारोतराव ओठ न हलवता म्हणाले. "पर मले तिकडे पाहाले नको लावू. हे पडतीन अन् माह्यं पाहनं हुकून जाईन."

"आमचा बी काढ," पदराआडून बेबीबाई. बाकीच्यांनी हुंकार भरला, तोही जागेवरूनच.

मंजुषानं काळ्या काचेसकट कॅमेरा गर्दीकडे आणि तिच्यामागच्या गवताकडे वळवला. चार सेकंद. खट्. बाराला दहा कमी असताना फोटो वाशिमला पोचला.

प्रदर्शनाच्या दिवशी संयोजकांनी चौकटीखालची चिठ्ठी वाचली. "स्थिरचित्र? मॅडम, यात पन्नास माणसं आहेत! हे कसं चालेल?"

अमरसिंग शांतपणे पुढे झाले. "मांगचं गवत पाहा. हललेलं दिसते ना? चार सेकंदाचा फोटो हाय साहेब. आता याच्यात एक मानूस हललेला दाखवा."

संयोजकांनी चष्मा पुसला. नाक काचेला टेकवून माणसामागून माणूस तपासला. मग पुढच्या भिंतीकडे निघून गेले. बाराही चौकटी जागेवर राहिल्या.

दुपारी भागवतची जीप गाव घेऊन आली. ज्यानं त्यानं फोटोत स्वतःला शोधलं. मारोतराव मात्र आधी अमरसिंगांकडे गेले आणि त्यांचं मनगट धरून नाडी पाहत राहिले.

"आठ दिस झाले साहेब. पोटात मुरडा गिरडा?"

"काहीच नाही."

"बरं," मारोतराव जरा नाराजीनं म्हणाले आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोरच बसले. "मी हावो इथं पाचपर्यंत."

मंजुषा त्या दोघांच्या पाया पडायला वाकली. बोलायचं खूप होतं. जे बोलता येत नव्हतं ते तिनं चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. आपल्या नावाच्या वर त्या दोघांची नावं. ललिताबाईंना ते दिसलं आणि त्यांनी पेनानं दोन्ही नावं खोडली.

"फोटो तुहा हाय, पोरी. आमचं काय? यायनं फकस्त लिंबूपानी पेलं."

दोन वर्षांत मंजुषानं त्यांचा एकही शब्द मोडला नव्हता. तिनं संयोजकांच्या टेबलावरून जाड मार्कर आणला आणि दोन्ही नावं पुन्हा लिहिली, आधीपेक्षा दुप्पट मोठी.