दुसरं गिऱ्हाईक

नावं निवडण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या कुओपिओत सापडायचा नाही! माणसांची नावं नव्हेत, वेबसाइटची. एखादा धंदा पाळण्यात असतानाच त्याची चांगली चांगली डोमेन नावं स्वस्तात घेऊन ठेवायची. पुढे धंदा मोठा झाला की कंपन्या आपणहून दारात येतात. आपण पाय ताणून बसायचं आणि भाव सांगायचा! मी निवडला तो धंदा म्हाताऱ्या माणसांशी घरात गप्पा मारणाऱ्या रोबोंचा. फिनलंडमध्ये म्हातारे भरपूर आणि त्यांच्याशी बोलायला कोणी नाही, म्हणजे हा धंदा फोफावणार हे सांगायला ज्योतिषी नको.

खरं सांगायचं तर कंपन्यांच्या पैशापेक्षा मला त्यांचं दारात येणं जास्त आवडलं होतं. माझी बायको आउने गेल्यापासून माझ्या दारात कोणी येत नाही. फोन वाजलाच तर दाताच्या दवाखान्यातून, आणि तोही मशीनचा आवाज. आमच्या जिन्यात पावलं वाजली तर लोक दाराच्या भिंगातून बघतात आणि तो माणूस गेल्यावरच बाहेर पडतात. मीही तेच करतो. उगाच कोणाला संकोच कशाला? पण मी एकटा होतो, आणि त्याला पार विटलो होतो.

त्यामुळे माझ्याकडच्या 'कोतिरोबोत्ती' या नावाला, म्हणजे 'घरचा रोबो'ला, पहिली मागणी आली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो! योएन्सूच्या कोणा तोर्स्ती लेहतोवारा नावाच्या गृहस्थांनी इमेलवर भाव विचारला होता. आपण लहान माणूस आहोत हे समोरच्याला कळू द्यायचं नाही, हा या धंद्याचा नियम. म्हणून मी उत्तराखाली सही ठोकली, 'व्यवस्थापन मंडळ'. मंडळात मी आणि खिडकीतलं जिरेनियमचं रोपटं!

तोर्स्तीने बोली लावली, मंडळाने विचार करायला वेळ मागितला. त्याने बोली किंचित वाढवली, मंडळाने योएन्सूत थंडी कशी आहे ते विचारलं. त्याने सविस्तर कळवलं. तो शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, त्यामुळे थंडीवर दीड पान! मग तळं गोठल्याचं, मग त्याच्या गुडघ्याचं. मी सकाळी उठून आधी इमेल बघायचो आणि मगच कॉफी ठेवायचो. सौदा पुरा झाला असता तर पत्रं थांबली असती, म्हणून मी तो जमेल तितका लांबवत होतो.

पण शेवटी तोर्स्तीने सरळ विचारलं, द्यायचं आहे की नाही? आता आणखी लांबवायला काहीतरी कारण हवं. या धंद्यात एक हुकमी युक्ती आहे : दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणून सांगायचं. जगात कुठेही हे सांगितलं की पहिलं गिऱ्हाईक चवताळून उठतं आणि भाव वाढवतं. मी लिहिलं की याच नावासाठी आणखी एका गृहस्थांची बोली आमच्याकडे आधीपासून आहे.

जगात कुठेही, पण फिनलंडमध्ये नाही! हे माझ्यासारख्या इथेच जन्मलेल्या माणसाला सुचू नये? आम्ही बसथांब्यावर दोन माणसं असलो तरी रांग लावतो, आणि दोघांच्या मध्ये एक म्हैस आरामात उभी राहील एवढी जागा ठेवतो. तोर्स्तीचं उत्तर लगेच आलं. 'माझ्या आधी कोणी उभं आहे हे मला माहीत नव्हतं. नकळत पुढे घुसल्याबद्दल क्षमा असावी. मी बाजूला होतो.'

संपलं! दोन दिवस इमेलची पेटी रिकामी. मी घाईने कळवलं की त्या गृहस्थांनी बोली मागे घेतली आहे. तोर्स्ती आणखीच कासावीस झाला. माझ्यामुळे तर नाही ना घेतली? मग त्यांची समजूत घाला, म्हणाला. आता मुळात नसलेल्या माणसाला रांगेतून कायमचं बाहेर कसं काढायचं? मी लिहून टाकलं की ते गृहस्थ वारले.

वाटलं, सुटलो. तर तोर्स्तीने मनापासून दुःख कळवलं आणि मृताचं नाव आणि अंत्यविधीची जागा विचारली. पुष्पचक्र पाठवायचं होतं त्याला! मी घाम पुसत चर्चच्या पत्रकातल्या निधनवार्ता चाळल्या. आल्वार कुसेला नावाचा एक माणूस सापडला. खाली ना मुलं, ना भाऊ, ना मित्र, कोणाचंच नाव नव्हतं. फक्त शनिवारी कुठल्या प्रार्थनागृहात विधी आहे तेवढं. कोणाला दुखवायला नको म्हणून मी हाच निवडला आणि कळवून टाकला. योएन्सूहून पुष्पचक्र येईल, फार तर काय होईल?

तोर्स्तीचं उत्तर आलं, 'मी स्वतः येतो.'

आता मला राहवेना. इतके दिवस पत्रं लिहिणारा माणूस माझ्या गावात येणार! जायचं, त्याला गाठायचं, सगळं खरं सांगून टाकायचं आणि हसून घ्यायचं, असं ठरवून मी काळा कोट चढवला. वाटेत दुकानातून ट्यूलिपची जुडी घेतली.

प्रार्थनागृहात पाद्रीबाई, ऑर्गन वाजवणारा, शवपेटी, आणि पहिल्या बाकावर हातात पुष्पचक्र घेतलेला एक उंच, वाकलेला माणूस. बस! पाद्रीबाईंनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मी मागे बसणार होतो, पण त्यांनी खुणेने पुढे बोलावलं.

आमच्यात प्रत्येकाने पेटीपाशी जाऊन फुलं ठेवायची आणि सोबतच्या चिठ्ठीवरचा मजकूर मोठ्याने वाचायचा, अशी पद्धत आहे. तोर्स्ती उठला, चष्मा लावला आणि वाचलं, "आल्वार कुसेला यांस. आपण माझ्या आधी होता. आदरपूर्वक, तोर्स्ती लेहतोवारा." माझी पाळी आली. माझ्या ट्यूलिपवर दुकानाची सवलतीची चिकटपट्टी होती! मी ती अंगठ्याने झाकली आणि म्हणालो, "आल्वार, माफ कर." पाद्रीबाईंनी डोळे टिपले.

पेटी उचलायलाही माणसं कमी होती. दफनवाल्यांच्या जोडीला एका बाजूने तोर्स्ती लागला आणि दुसऱ्या बाजूने मी. ज्याला जन्मात पाहिलं नाही त्याला आम्ही बर्फातून खड्ड्यापर्यंत नेलं. मला रडू आलं. आल्वारसाठी की कोणासाठी, ते विचारू नका.

नंतर चर्चच्या खोलीत कॉफी आणि वेलदोड्याचा पाव. पंचवीस कप मांडलेले होते, प्यायला आम्ही तिघं. आता सांगायचंच, म्हणून मी घसा खाकरला. तेवढ्यात तोर्स्ती कपात बघत म्हणाला, "मी ज्यांच्याकडून वेबसाइटचं नाव घेणार होतो ती कंपनी. त्यांनीच मला हे कळवलं. पण त्यांच्यातलं एक माणूस आलं नाही बघा. व्यवस्थापन मंडळ म्हणे!"

"अगदीच कोरडी माणसं," मी म्हणालो.

"मी आता तो सौदा करणार नाही. त्यांना पत्रही लिहिणार नाही." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कुसेलांचे जवळचे मित्र होता का?"

काय सांगणार होतो मी? नव्हतो म्हटलं असतं तर तो पुढच्या बसने गेला असता, आणि मंडळाशी तर त्याने संबंध तोडलाच होता. मी मान डोलावली. त्याने कागदी रुमालावर आपला फोन नंबर लिहून दिला. आल्वारची आठवण आली की फोन करा, म्हणाला.

मला दर रविवारी आल्वारची आठवण येते. नाव माझ्याकडेच पडून आहे, आणि रोबोंचा धंदा म्हणे जोरात चाललाय. आम्ही तासभर आल्वारबद्दल बोलतो. परवा मी सांगितलं की तो सवयीने दोन कप कॉफी करायचा आणि एक मोरीत ओतून द्यायचा.

तोर्स्ती म्हणाला, "ओतायचा कशाला? बोलवायचं होतं ना कुणालातरी. मीसुद्धा आलो असतो."

"त्याला नसतं जमलं हो," मी म्हणालो. "फार बुजरा माणूस."