बाईसाहेबांनी शोधपट्टी काबीज केली त्याची हकिकत

वाचणारांस सुख असो. मजकूर लिहिण्यास कारण की, ब्राउझरच्या माथ्यावरील शोधपट्टी हा बाका मुलूख बाईसाहेबांनी कोण्या प्रसंगी सर केला हे बहुतांस ठाऊक नाही, आणि ज्यांस ठाऊक आहे ते हसतात. सबब घडले तैसे लिहिले.

बाईसाहेब भाषांतराच्या कचेरीतील नामांकित कलमबहाद्दर. हाती शिवणयंत्राची माहितीपुस्तिका, आणि ती पुरी केल्याखेरीज कोणी घरी जाऊ नये ऐसा साहेबांचा हुकूम. इकडे कन्येचा पुढील दात हालू लागला, आणि दुपारी फोनवरून तिचा खलिता आला, की "आई, तू आल्याशिवाय मी दात पाडणार नाही. जीभसुद्धा लावत नाहीये. पण लवकर ये हं, तो आपोआप पडेल." मागील दात बाईसाहेब कचेरीत असता पडला होता, आणि ते शल्य उरी होते. जीव टांगणीस लागला.

परंतु वाट बिकट. एकेका शब्दासाठी शब्दकोशाच्या वेशीवर जावे, तो कुकीज मंजूर की नामंजूर ऐसे पुसत चौकीदार आडवा येई, मग केशतेलाची जाहिरात चाल करून येई, आणि मग तिची फुली धुंडावी, ती मोहरीएवढी. पानभर मजकुरात नाकी नऊ आले. मग बाईसाहेबांनी मसलत केली, आणि सेटिंग्जच्या गडात शिरून शब्दकोशास 'श' हे एकाक्षरी नाव बहाल केले, की पट्टीत श लिहावा, जागा सोडावी, पुढे शब्द घालावा, आणि अर्थ थेट हुजुरात हजर व्हावा.

येथे गफलत जाहली. या नावाच्या सनदेत, म्हणजे सेटिंग्जमधील नोंदीत, शब्दकोशाचा जो पत्ता उतरविला तो सकाळच्या शोधाचा, आणि सकाळी गाद्यांचे पत्रक करिताना बाईसाहेबांनी ढेकूण शोधिला होता, तो पत्त्याच्या शेपटास तैसाच चिकटून राहिला. मग बॉबिन पुसले, अर्थ आला ढेकूण. पेडल पुसले, ढेकूण. टेन्शन पुसले, तरी ढेकूण.

इतक्यात साहेबांची स्वारी पाठीमागून आली, आणि टॅबोटॅब ढेकूण देखोन त्यांनी मान खाजविली, मग पाठ खाजविली, आणि कचेरीत ढेकूण जाहले, तमाम खुर्च्या तत्काळ बाहेर काढाव्या, ऐसे फर्मान सोडिले. बाईसाहेब अर्ज करू लागल्या, तो साहेब हळूच म्हणाले, "बाई, लाजू नका. ढेकूण कुणाकडेही होतात." मग मुद्रितशोधक काका आपली उशी काखोटीस मारून उभे राहिले, आणि टंकलेखिकाबाई उभ्या राहिल्या, आणि सारा दरबार बाईसाहेबांपासून चार हात लांब सरला.

बाईसाहेब मनी कष्टी जाहल्या, परंतु दात आठवला आणि कंबर कसिली. सनद पुन्हा उघडून पत्ता अक्षर अक्षर वाचिला, तो अखेरीस ढेकूण सापडला. त्यास तेथेच खोडिला, आणि त्याचे जागी टक्क्याचे चिन्ह व त्यास लगटून इंग्रजी एस ऐसा रिकामा पाट मांडिला, की जो शब्द येईल तो त्याजवर बसेल. मग श, जागा, बॉबिन. रीळ आले. बाईसाहेबांच्या डोळां पाणी आले. मग अर्थ धावत येऊ लागले, आणि उभ्या उभ्याच पुस्तिका पुरी जाहली, आणि खुर्च्यांचा खुलासा उद्यावर टाकून बाईसाहेब निघाल्या.

घरी कन्या उंबऱ्यावर तोंड मिटून बसली होती. दुपारपासून एक शब्द बोलली नाही, घर ओळखू येईना, ऐसे यजमानांनी निवेदिले. बाईसाहेबांनी हात पुढे केला, कन्येने आ केला, जिभेने एक ढुशी दिली, आणि दात तळहाती आला. मागील शल्य त्या घटकेस निघाले.

येणेप्रमाणे शोधपट्टी काबीज, पुस्तिका दाखल, दात हस्तगत. खुर्च्या मात्र अद्याप बाहेरच आहेत, कारण खुलासा दोन वेळा सादर होऊनही साहेबांची खाज थांबली नाही.