यंभा शिक्क्याची आणि मेल्या रथांच्या वहीची हकीकत

॥ श्री ॥ लोहास, अग्नीस आणि न गोठणाऱ्या उदकास प्रथम नमन. चक्रशक ब्याण्णव, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशीं ही हकीकत लिहावयास घेतली. लिहिणारा सुट्या भागांच्या कोठीचा जुना कारकून. नांव सांगण्याजोगा पराक्रम हातून घडला नाहीं, सबब नांव लिहीत नाहीं.

राज्य मोठें, समुद्रापलीकडे, सरोवरांच्या मुलखांत, जेथें हिवाळ्यांत नदीवरून गाडे हांकावे ऐसी थंडी. तेथें घोडा न जुंपतां चालणारे रथ घडवीत आणि देशोदेशीं पाठवीत. थोरल्या महाराजांचे वेळीं रथ नामी होते, परंतु विकल्या रथाची वास्तपुस्त कोणी करीत नसे. रथ मोडावा, आणि धन्यानें गांवच्या लोहाराकडे जावें, आणि त्यानें हातास येईल तो तुकडा ठोकून बसवावा, आणि दुसरे दिवशीं रथानें घाटांत मांडी ठोकून बसावें, आणि शिव्या मात्र महाराजांस पडाव्या. मग महाराजांनीं विचार केला, आणि सुट्या भागांची निराळी कोठी घातली, आणि पहिली जिन्नस काढली ती भागही नव्हे, तें एक थंडींत न गोठणारें उदक. रथाचे पोटांत पाणी गोठून पोट फुटत असे, तें राहिलें. डब्यावर नांव हवें म्हणून कारभारी तीन दिवस मसलतीस बसले, आणि सिंह जाहले, गरुड जाहले, सूर्यही जाहला. अखेर एका भुकेल्या कारभाऱ्यानें यंत्राचा यं घेतला, भागाचा भा घेतला, आणि 'यंभा' ऐसें म्हणून तो जेवावयास उठला. तेंच कायम जाहलें. पुढें तो शिक्का प्रत्येक भागावर उठूं लागला. परंतु चाल कडक होती: नवा भाग रथांत बसवून एक हिवाळा चालवावा, टिकला तरच शिक्का, नाहीं तर पुन्हां भट्टी.

कोठीचे मुख्य गिरमाजीपंत, करारी पुरुष. त्यांनीं एक वही ठेविली होती. कोणत्या रथास कोणता भाग दिला तें तींत लिहावें, आणि सात वर्षें ज्या रथासाठीं कांहीं मागणें आलें नाहीं, त्याचे नांवावर तांबडी रेघ ओढून पुढें 'मृत' लिहावें. पंतांस ही शिस्त फार प्रिय. रेघा ओढणारा हात माझा. मीही त्या मोठ्या सुबक ओढीत असें, हें आतां लिहितांना लाज वाटते.

मग राज्यास उतरती कळा आली, आणि राज्य विकलें गेलें, आणि घेणाऱ्यानेंही पुढें विकलें, आणि नव्या धन्यांचे दिवाण लखमाजीपंत कोठीची पाहणी करावयास आले. दिवाण वाईट नव्हते, घाईचे होते. जुन्या रथांच्या भागांचे साचे पाहून त्यांनीं पुसिलें, "पंत, हे रथ आज कोणी वापरतो काय?" पंतांनीं वही उघडली. पानोपानीं तांबड्या रेघा. पंत म्हणाले, "वहीप्रमाणें कोणी नाहीं." दिवाण बोलिले, "मग हें लोखंड कोणासाठीं राखतां? पंधरा दिवसांत साचे भट्टींत जावे." आणि पंतांनीं आपल्या हातें परवानगी लिहिली, आणि ते दिवशींच साच्यांचा पहिला गाडा भट्टींत रिता जाहला. वहीवर त्यांचा भरवसा तैसा होता.

दुसरे दिवशीं सकाळीं भिवराबाई पाथरवट नामें एक बाई कोठीचे दारीं आली. मागें तिचा रथ, दोन बैलांनीं ओढीत आणिलेला. त्यांत खाणीचे दगड वाहून वाहून पाठ चेपली होती, परंतु अंग धड होतें. बाईनें मोडका पाण्याचा पंप पंतांपुढें ठेविला आणि म्हणाली, "ह्यो मोडला. दुसरा द्या." पंतांनीं वहींत पाहिलें आणि म्हणाले, "बाई, हा रथ तर मृत आहे." बाई हंसली नाहीं, रागेंच भरली. म्हणाली, "कुनी मारला? काल दुपारपतुर दगड व्हात हुता की! एकतीस वर्सं चालला."

पंत म्हणाले, "एकतीस वर्षांत एकदांही भाग मागावयास कां आलां नाहीं?"

"अवो, मोडलंच न्हाई तर कशाला येऊ? सासऱ्यानं तुमचा शिक्का बघून पंप बसवला हुता. चांगलं दिलंत म्हनून आले न्हाई, तर तुमी मला मेल्यांत धरलं?"

त्या पंपाचा साचा कालचे गाड्यांत गेला होता. आपण जितकें काम चोख केलें तितके रथ निमूट चालत राहिले, आणि जे निमूट चालले तेच आपण मारिले, हें त्या घटकेस पंतांस उमगलें. मला म्हणाले, "रेघा तुझ्या, पण पाप माझें." मग पागोटें सांवरून तडक दिवाणांकडे गेले आणि पदर पसरिला कीं भट्टी थांबवावी. दिवाण बोलिले, "एक बाई म्हणजे मुलूख नव्हे. मुदत सरेपर्यंत थांबतों. त्या दिवशीं दहा जुने रथ आपल्या पायांनीं मैदानांत चालत आले तर साचे राखूं."

आतां बोलवावें कोणास? सात वर्षांत ज्याची गांठ नाहीं त्याचा ठिकाणा वहींत खरा नव्हता. मग पंतांस त्या उदकाची आठवण जाहली. भाग न मागणाराही हिवाळ्यापूर्वीं गांवच्या दुकानांतून यंभाचें उदक नेतोच, आणि दुकानदार त्याची नोंद कोठीस कळवीत नाहीं. मग दोन दिवस आम्हीं सर्वांनीं चिठ्ठ्या लिहिल्या, आणि दुकानीं जाणाऱ्या प्रत्येक डब्यास एक बांधिली: जुना रथ चालता असेल तर अमुक दिवशीं कोठीच्या मैदानांत आणावा, आमची चूक जाहली आहे. शेवटचें वाक्य पंतांनीं स्वतां घातलें.

तो दिवस उगवला. दोन प्रहरपर्यंत मैदानांत बर्फ आणि आम्ही. दिवाण घड्याळ पाहत होते, पंत रस्ता पाहत होते. मग दूरवर घरघर ऐकूं आली, आणि एक रथ आला, आणि त्यामागें चार, आणि मग मोजणें सुटलें. कोणाचा रंग उडालेला, कोणाचें दार दोरीनें बांधलेलें, परंतु चालत आले. दिवाणांनीं एका म्हाताऱ्यास पुसिलें, "हा रथ कोणत्या घराण्याचा?" तो म्हणाला, "यंभाचा." दिवाण म्हणाले, "तें तर भागांचें नांव. घडविणारें घराणें कोणतें?" म्हातारा म्हणाला, "घरानी इकली गेली, सायेब, कितीदा ते ठावं न्हाई. मोडल्यावर उभं राह्यलं त्येचं नाव आमी लावतो." दिवाणांनीं कागद मागविला. मग भट्टी थांबविण्याचा हुकूम तेथेंच लिहून दिला.

भिवराबाईचा रथ मात्र बैलांमागेंच उभा होता. गेलेला साचा येईना. मग पंतांनीं तिचा मोडका पंप पुढें ठेवून, लोहारास हातीं धरून, नऊ दिवसांत नवा पंप हातानें घडविला. बाईनें उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, "शिक्का कुठाय?" पंत म्हणाले, "एक हिवाळा चालवून आणा, मग उठवूं. चाल मोडणार नाहीं." ती रथ हांकीत गेली.

हिवाळा सरला, बाई आली नाहीं. दुसराही सरला. लोक म्हणाले, हातचा पंप, टिकला नसेल. सात वर्षें भरलीं नव्हतीं, तरी मींही तेंच खरें मानून वही आणि तांबडी दौत पुढें केली. पंतांनीं माझे हातून तांबडी दौत काढून घेतली, काळ्या शाईनें बाईचे नांवापुढें दोनच शब्द लिहिले, आणि वही मिटली. सातवें वर्ष सरण्यापूर्वीं पंत वारले. त्यांनीं लिहिलेलें मीं पुढें प्रत्येक निमूट रथापुढें लिहीत आलों.

येणेंप्रमाणें हकीकत. शिक्क्याचा अर्थ कोशांत पाहूं गेल्यास यंत्राचे भाग, इतकाच निघेल. कोठीच्या वहींत पाहाल तर पानोपानीं एकच लिहिलें आहे: चालत असावा.