इथापे सरांना खो कोण देणार?

आमच्या काष्टी गावात कोणत्याही खुर्चीवर, बाकावर किंवा पंगतीत एकदा बसलेले इथापे सर आपण होऊन कधीही उठत नाहीत. कोणीतरी मागून यावे लागते, त्यांच्या पाठीला हात लावून मोठ्याने ‘खो’ म्हणावे लागते. तेव्हा कुठे हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ ताडकन उठतात. खो-खोमध्ये बसलेल्या खेळाडूने खो मिळाल्याशिवाय जागा सोडू नये, असा नियम आहे. हा नियम मैदानापुरता असून लग्नाच्या पंगतीस लागू होत नाही, हे मी त्यांना लेखी कळवले होते. पत्र पोचल्याची सही मिळाली. वर्तनात फरक पडला नाही.

सर शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि निवृत्तीनंतरही मुलींचा संघ तयार करतात. माझा आक्षेप त्यांच्या विक्षिप्तपणास नाही. गाव त्यास साथ देते, यास आहे. बँकेत त्यांचा नंबर लागला की शिपाई जागा सोडून खो द्यायला येतो. बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर दोन बागायतदार याच कारणावरून भांडताना मी स्वतः ऐकले आहेत.

“मागल्या बाजारी तू दिल्ता. आज माझा नंबर हाय!”

“तू लई हळू देतो. सरांना ऐकू बी येत न्हाई.”

मी तालुक्याच्या न्यायालयात अधीक्षक होतो. न्यायाधीश आत आले की सारे दालन उठते, हे मी उभी हयात पाहिले. माझ्यासाठी कोणी उठले नाही. आणि मी बसलेला असताना मला उठवण्यासाठी भांडण तर सोडाच, साधी चौकशीही कोणी केली नाही. यास कोणी मत्सर म्हणत असेल तर खुशाल म्हणावे. मत्सर हा अद्याप दखलपात्र गुन्हा नाही.

सरांनी मला पुष्कळदा गळ घातली. आम्ही समोरासमोर राहतो.

“द्या की एक खो, भाऊसाहेब. हात झिजतो का तुमचा?”

“बेकायदेशीर प्रथेस मी उत्तेजन देणार नाही.”

“लई कडक तुमी. कोर्ट सुटलं, तुमी न्हाई सुटला!”

अशात पुण्याहून क्षीरसागर नावाच्या एक संशोधक बाई आल्या. क्रीडा प्रशिक्षक स्वतः कसे शिकतात, कसे शिकवतात आणि त्यांचे मन व शरीर कितपत सुखात असते, असा त्यांचा विषय. न्यायालयीन कर्मचाऱ्यांच्या सुखाचा अभ्यास कोणत्या विभागाकडे आहे, अशी विचारणा मी त्यांच्या विद्यापीठाकडे तत्काळ पत्राने केली. उत्तर नाही. बाईंनी मला बोलावले, परंतु शेजारी या नात्याने. म्हणजे इथापे सरांच्या खटल्यात मी साक्षीदार!

बाईंच्या आग्रहाखातर सर आपल्या ओसरीवर खुर्चीत बसले. बाईंनी विचारले, “प्रशिक्षण कुठे घेतलंत?”

“एक शिबिर केल्तं. बाकी पोरींनी शिकवलं. पोरगी पडली की समजायचं, आपलं सांगताना कायतरी चुकलं.”

बाईंचे डोळे चमकले. माझ्या एखाद्या वाक्याने कोणाचे डोळे चमकल्याचे मला स्मरत नाही.

“मुलींचे गुडघे, जेवण, परीक्षा, सगळं तुम्ही बघता, सर. तुमच्याकडे कोण बघतं?”

“आख्खं गाव हाय की! कुटंबी बसलो तरी खो मिळतो.”

“आणि घरी?”

साक्षीदाराने वस्तुस्थिती सांगितली पाहिजे, म्हणून मी बोललो, “घरी ते बसतच नाहीत.”

खरेच होते ते. माझ्या खिडकीतून सारे दिसते. चहा उभ्याने, भाकरी उभ्याने, हातात ताट घेऊन ओसरीवर येरझाऱ्या. त्यांच्या पत्नी गेल्या तेव्हापासून हे चालू आहे, आणि त्या पावलांच्या आवाजाबद्दलची माझी तक्रार ग्रामपंचायतीकडे प्रलंबित आहे. आताही मी तक्रारच करत होतो. परंतु बाई लिहायच्या थांबल्या.

सर हसत म्हणाले, “बसून करू काय, ताई? उठवाया कोन हाय?”

बाईंना एसटी गाठायची होती. जाताना त्या सरांच्या पाया पडल्या. परंतु समोरून, आणि समोरून झालेला स्पर्श खो ठरत नाही. मीही माझ्या घरी परतलो.

दिवस मावळला. समोरच्या ओसरीवरचा दिवा लागला नाही. पावले वाजली नाहीत. माझ्या तक्रारीचे कारणच संपुष्टात आले होते. मी समाधानी असायला हवे होते. मी वर्तमानपत्र उघडले आणि पुन्हा मिटले. सर त्याच खुर्चीत, तसेच, रस्त्याकडे तोंड करून बसलेले होते.

मी त्यांच्या मागल्या दाराने आत शिरलो, कारण नियम मला ठाऊक होता. पाठीवर हात ठेवला. पाठ माझ्या समजुतीपेक्षा बरीच हाडकुळी निघाली. मग घसा खाकरून मी म्हणालो, “खो.”

सर हलले नाहीत.

“फाऊल,” ते मागे न पाहता म्हणाले. “हात आन आवाज एकदमच पायजे, भाऊसाहेब. तुमी हात लावला, मंग इचार केला, मंग बोलला. परत द्या.”

आक्षेप कायदेशीर होता. मी परत दिला. या वेळी आवाज रस्त्यापर्यंत गेला असावा.

सर ताडकन उठले, वळले आणि त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवले.

“बसा आता. खो देनाऱ्यानं उठलेल्याच्या जागेवर बसायचं असतं. ह्यो बी नियमच हाय.”

नियमापुढे माझा नाइलाज असतो. मी बसलो. सर दिवा लावून चहा टाकायला आत गेले, आणि मी रस्त्याकडे तोंड करून, पाठ ताठ ठेवून, बसून राहिलो.