एका झांजेपुरतं जागरण

पावकाका झोपतात यात त्यांचा काही दोष नव्हता. सगळं जग कूस बदलत असतं तेव्हा उठून भट्टी पेटवायची, पीठ मळायचं, उजाडायच्या आत पहिला पाव बाहेर काढायचा, असं ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्या डोळ्यांवर दिवेलागणीलाच झापड येणार. त्यांना झोपायला अंथरूण लागत नसे. खुर्ची चाले, जिना चाले, पाठीला ऊबदार भिंत मिळाली तर उभ्यानेही चाले. मुलीच्या शाळेतल्या नाटकात मुलगी झाड झाली होती, तेव्हा काका पहिल्या वाऱ्यालाच घोरायला लागले होते. बक्षीस समारंभात तर मुख्याध्यापकांनी भाषण थांबवून "यांना कुणीतरी घरी न्या," असं सांगितलं होतं. मुलीचा असा एकही कार्यक्रम नव्हता, जो काकांनी शेवटपर्यंत पाहिला होता.

ती मुलगी, म्हणजे छोटी, आता चांगली कमावती झाली होती. एके दिवशी ती दोन तिकिटं घेऊन भट्टीवर आली.

"बाबा, शनिवारी संध्याकाळी ऑर्केस्ट्रा आहे. मोठ्या सभागृहात. मी वाजवणार आहे."

"वा! गाणार कोण?"

"कुणी नाही. नुसती वाद्यं. साठ-सत्तर जण. मी झांजा वाजवते, त्या मोठ्या पितळी."

"किती वेळ?"

"एकदा."

"एकदा म्हणजे?"

"एकदाच. एकूण चार भाग आहेत. चौथ्या भागात, अगदी शेवटाकडे, माझा एक ठोका आहे."

काकू गल्ल्यावर बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "एका ठोक्यासाठी इतके दिवस तालमीला जातेस तू?"

"एकच आहे म्हणून तर, आई. चुकला तर दुसरा नाही." मग छोटी हसली आणि बापाच्या बाहीवरचं पीठ झटकत म्हणाली, "आणि बाबा, झोपलात तरी चालेल हं. मी मुळीच चिडणार नाही."

ती खरंच चिडणार नव्हती, आणि तेच काकांना लागलं. पोरीनं आशाच सोडली होती! ती गेल्यावर काकांनी भट्टीवर हात ठेवला. भट्टी तापलेली होती, त्यामुळे शपथ थोडक्यात उरकावी लागली. "शनिवारी मी जागा राहणार. काय वाट्टेल ते होऊ दे."

"तुम्ही नुसते बसा, जागं मी ठेवते," काकू म्हणाल्या आणि मोहीम त्यांनी हातात घेतली.

शनिवारी दुपारी त्यांनी काकांना सक्तीने झोपायला लावलं. पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी 'झोपा' म्हटल्यामुळे काकांना झोप येईना. शेवटी ते उठले आणि छोटीच्या मंडळींसाठी गोड बन भाजायला लागले. "सत्तर माणसं वाजवून दमणार, उपाशी कशी परत जातील?" असं त्यांचं म्हणणं. भलाथोरला पत्र्याचा डबा भरला, वर फडकं टाकून झाकण लावलं. काकूंनी थर्मासभर कडक चहा केला आणि पर्समध्ये एक सेफ्टी पिन टाकली. पिन कशासाठी, हे काकांनी विचारलं नाही.

सभागृहाच्या दारात एक बाई उभ्या होत्या. त्यांनी डबा पाहून हात आडवा केला. "खाण्याचं आत नेता येत नाही, काका. इथे टेबलाखाली ठेवा." काकांनी डबा ठेवला. मग काकूंनी त्यांना तिथेच उभं करून चहा पाजला. एक कप झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला काका म्हणाले, "अगं, पुरे की आता!"

"गप्प प्या. मुलीच्या वेळी डोळे मिटायला लागले की आठवेल हा चहा."

चहा लवकरच आठवणार होता, पण त्या कारणाने नव्हे.

जागा तिसऱ्या रांगेत, कडेच्या होत्या. शेजारी मफलर गुंडाळलेले एक आजोबा बसले होते. छोटी मंचावर पार मागे, काळ्या पोशाखात. तिनं आईबापांना पाहिलं आणि भुवई हळूच वर केली. काका ताठ बसले. इतक्यात सगळी वाद्यं एकदम वाजायला लागली. कुणाचा कुणाला मेळ नाही. थोडा वेळ असा कल्लोळ झाला आणि एकाएकी थांबला.

काकूंनी एक बोट मुडपलं. "एक झाला."

"हा भाग होता?"

"मग काय? सगळ्यांनी वाजवलं, सगळे थांबले."

"फारच छोटा होता गं."

"बरंच झालं. तुम्हाला डुलकी काढायला वेळ मिळाला नाही."

मग हातात बारीक काठी घेतलेले एक गृहस्थ लगबगीने मंचावर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका कुजबुजले, "यांना उशीर झाला वाटतं. बिचाऱ्यांशिवायच पहिला भाग उरकला."

काठी हलली आणि खरं वाजवणं सुरू झालं. काकांनी असलं काही जन्मात ऐकलं नव्हतं. आधी वाटलं, दूर कुठेतरी कुणी दळतंय. मग तो आवाज फुगत गेला, पीठ फुगतं तसा सगळ्या बाजूंनी. काकांना आवडलं आणि आवडलं की त्यांना झोप येत असे. मान कलायला आणि मांडीत पिन शिरायला एकच गाठ पडली. "आई गं!" काका जागे झाले. मफलरवाल्या आजोबांनी पाहिलं. काकूंनी त्यांना नमस्कार केला आणि दुसरं बोट मुडपलं. पुढचा भाग तर इतका हळुवार होता, की पिन दोनदा वापरावी लागली. तिसरं बोट मुडपलं गेलं. भाग संपल्यावर टाळ्या कुणीच वाजवत नव्हतं, म्हणून ही दोघंही गप्प बसली.

"आता चौथा," काकू म्हणाल्या. "सांभाळा."

आता पिनेची गरजच नव्हती. एक तर छोटीची वेळ आली होती, आणि दुसरं म्हणजे तीन कप चहा बाहेर पडायची परवानगी मागत होता. काका एका पायावर दुसरा पाय टाकून, दात आवळून, छोटीवर नजर रोखून बसले. वाजवणं रंगात आलं, ढोल घुमले, काठीवाले गृहस्थ नुसते घामाघूम! आणि छोटी? छोटी मांडीवर हात ठेवून शांत. काठी एकदा जोरात खाली आली आणि सगळं थांबलं.

"संपलं?" काकांनी विचारलं.

"चौथा संपला."

"मग छोटीचा ठोका?"

काकू मुडपलेल्या बोटांकडे बघत राहिल्या. "राहिला की हो!"

"राहिला म्हणजे? विसरले?"

"एकच तर होता. त्या काठीवाल्यांच्या लक्षात राहिला नसेल. ते आलेच मुळात उशिरा."

काकांनी सभागृहावर नजर फिरवली. लोक खोकत होते, सावरून बसत होते. "बघ, कुणी टाळीसुद्धा वाजवत नाही. लोकांनाही हे पटलेलं नाही. थांब, मी विचारूनच येतो," असं म्हणून ते तरातरा बाहेर पडले. विचारण्याआधी त्यांना दुसरीकडे जावं लागलं, हे ओघाने आलंच.

तिथून मोकळे होऊन आले, तर बंद दारामागे पुन्हा वाद्यं वाजत होती. दारातल्या बाई दाराला पाठ लावून उभ्या होत्या.

"आता हे काय चाललंय?" काकांनी विचारलं.

"चौथा भाग."

"चौथा झाला! आम्ही मोजलेत. पहिला तो छोटा नव्हता का, सगळ्यांनी एकदम वाजवलं तो?"

बाईंनी ओठ दाबून हसू आवरलं. "ते सूर जुळवत होते, काका. वाजवायच्या आधी जुळवतात. भाग नव्हता तो."

काका दाराकडे झेपावले. "सोडा मला आत. एकदम हळू जातो."

"वाजवणं चालू असताना दार उघडायचं नाही, असा नियमच आहे. माझी नोकरी जाईल."

"अहो, माझी मुलगी आहे आत. झांजा वाजवते. एकच ठोका आहे तिचा, अगदी शेवटी. आजवर तिचं काहीच मी धड पाहिलेलं नाही. झोपतो मी! आज झोपलो नाही, तर हे असं."

बाईंना वाईट वाटलेलं दिसत होतं, पण त्या दारावरून हलल्या नाहीत. मान खाली घालताना त्यांचं लक्ष टेबलाखाली गेलं. "हा डबा वाजवणाऱ्यांसाठीच आहे ना? मग तो इथून नाही जायचा, काका. सामान मागच्या दाराने जातं." इतकं बोलून त्यांनी काकांकडे जरा रोखून पाहिलं.

मागचं दार! हॉटेलं काय, इस्पितळं काय, वसतिगृहं काय, काका आयुष्यभर मागच्याच दाराने आत गेले होते. डबा खांद्यावर असला की कुणी तिकीट विचारत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांनी डबा उचलला आणि इमारतीला वळसा घालून धावत सुटले.

मागच्या दारावर पहारेकरी होता. "कुणाचं आहे?"

"ऑर्केस्ट्राचं. बन आहेत."

पहारेकऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि बाजूला झाला. अंधाऱ्या बोळातून काका पुढे गेले, तो थेट मंचाच्या कडेला, काळ्या पडद्याआड. आणि चार हातांवर छोटी! पाठ ताठ, हात मांडीवर, नजर काठीवर. जीव भांड्यात पडला. काका मागच्या कपाटाला टेकले आणि तिथेच घात झाला. ते दिव्यांच्या यंत्रांचं कपाट होतं. पाठीला छान ऊब लागली, समोर अंधार, कानावर संगीत. पापण्या खाली यायला लागल्या, आणि पिन तर तिसऱ्या रांगेत!

काका दचकून पुढे झाले आणि डबा त्यांनी दोन्ही हातांवर, छातीपुढे लांब धरला. भट्टीतून काढलेला ट्रे हातात असताना ते आजवर कधीच झोपले नव्हते. दंड भरून आले, पण डोळे टक्क उघडे राहिले.

छोटी उभी राहिली. तिनं झांजा उचलल्या आणि समोर, तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. काकांनीही पडद्याच्या फटीतून पाहिलं. त्यांची खुर्ची रिकामी होती. शेजारच्या खुर्चीत काकू मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपल्या होत्या. पिन हातातच होती. जागं ठेवायला कुणी उरलं नव्हतं, मग त्या तरी काय करणार!

छोटीचा चेहरा उतरला. फार नाही, थोडासाच. जणू तिला हे माहीतच होतं. हाक मारायची सोय नव्हती, हात हलवावा तर हातात डबा. त्यांनी डबा जवळ ओढला, अंगठ्याने झाकण सरकवलं, हनुवटीने फडकं बाजूला केलं आणि डबा पुन्हा लांब धरला.

ताज्या बनांचा वास मंचावर गेला. आधी ढोलवाल्याने मान वळवली. मग पितळी कर्णे घेऊन बसलेली अख्खी रांग नाक वर करून हुंगायला लागली. छोटीही वळली. तो वास तर तिच्या लहानपणापासून रोज सकाळी तिला उठवत आला होता. पडद्याआड बाप उभा होता, हात लांब केलेला, डोळे वटारलेला, टक्क जागा. छोटी इतकं हसली, की काकांना वाटलं, आता ठोका चुकतोय पोरीचा.

पण तिनं नजर काठीवर आणली. काठी वर गेली, आणि छोटीचे हात एकमेकांवर आले. काय तो आवाज! सोन्याचा असता तर असाच वाजला असता. तो काकांच्या छातीत शिरला, डब्याच्या पत्र्यात घुमत राहिला, आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. पुसायला हात मोकळे नव्हते. पण डबा पडू दिला नाही.

नंतर दालनात गर्दीतून काकू धावत आल्या. "होतात कुठे तुम्ही? काय वाजवलं हो पोरीनं! मी तर पापणी लवू दिली नाही!"

त्यांच्या गालावर खुर्चीच्या शिवणीचा ठसठशीत वळ उठला होता. काकांच्या जिभेवर किती वर्षांची परतफेड आली. त्यांनी ती गिळली. "मी मागून पाहिलं," ते म्हणाले. "पुढून तू पाहिलंस ना? मग झालं तर."

छोटी आली, हातात अर्धा खाल्लेला बन. "आई, कसं वाटलं?"

"अगं, काटा आला अंगावर!"

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही गंभीर राहिली. तेवढ्यात मफलरवाले आजोबा शेजारून जाता जाता थांबले आणि फार अदबीने म्हणाले, "बाई, मांजर सापडलं का हो? नाही, झांजा वाजल्या तेव्हा तुम्ही 'मेलं मांजर, सगळी भांडी पाडलीन!' म्हणत उठलात, म्हणून विचारलं."

काकू लालबुंद झाल्या. छोटीनं उरलेला बन तोंडात कोंबला.

"बाबा," ती कशीबशी म्हणाली, "पुढच्या महिन्यात परत आहे. त्यात माझे तीन ठोके आहेत."

काकांनी काकूंच्या पिशवीतून थर्मास काढला, हलवून पाहिला, उरलेला चहा झाकणात ओतला आणि बायकोपुढे धरला.

"घे," ते म्हणाले. "आतापासून सवय कर."